न सुटणाऱ्या ब्रेकचा इतिहास

१/
ब्रेकचा इतिहास बहुधा थांबण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. या धाग्यात त्याची दुसरी बाजू पाहू: पकडलेले चाक पुन्हा सोडायचे कसे? अभियंत्यांच्या कित्येक पिढ्यांना या प्रश्नाने छळले आहे. अंगणात उभ्या असलेल्या मोटारसायकलचे मागचे चाक पायडलवरून पाय काढल्यावरही फिरेनासे होते, तेव्हा तोच जुना प्रश्न आपल्यासमोर उभा असतो. धाग्याच्या उत्तरार्धात हातात पहिल्यांदाच पाना घेणाऱ्यांसाठीही काही आहे.

२/
सुरुवात वडीगोद्रीपासून करू. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले, धुळे–सोलापूर महामार्गावरचे हे गाव. अंबडकडून येणारा रस्ता इथे महामार्गाला मिळतो आणि पुढे शहागडला गोदावरी ओलांडून वाहतूक बीडकडे जाते. गेल्या काही वर्षांत गावाचे नाव वृत्तपत्रांत आले ते निराळ्या कारणांनी; तो आजचा विषय नव्हे. आज विषय चाकाचा आणि चिखलाचा.

३/
चिखलालाही इतिहास असतो. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पैठणजवळ जायकवाडी धरणाची पायाभरणी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन. २०८ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याने अंबड, घनसावंगी, परतूरच्या काळ्या जमिनीत पाणी आणले. पाण्यामागून ऊस आला. अंकुशनगरचा समर्थ सहकारी साखर कारखाना याच पट्ट्यातला. पूर्वी चार महिने चिखल आणि आठ महिने धूळ असे या मातीचे वेळापत्रक होते. बागायतीने ते मोडले. शेतरस्ता आता जानेवारीतही ओला सापडतो.

४/
या रस्त्यावरून दुधाचे कॅन, खताचे पोते आणि मागे आणखी एक माणूस घेऊन जाणाऱ्या गाडीचे मागचे चाक पाहा. फिरणारा ढोल, म्हणजे ड्रम, आणि त्याला झाकणारी स्थिर तबकडी यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते. नाहीतर चाक फिरणार नाही. त्या फटीतून काळे पाणी आत शिरते, वाळते, आणि आतल्या लोखंडावर गंज धरतो. मग एके सकाळी गाडी ‘जड’ चालू लागते. ब्रेक धरतोय, लायनर चिकटले, गाडी ओढत नाही: दुखणे एकच, नावे तीन.

५/
रेल्वेत याच दुखण्याला ‘ब्रेक बाइंडिंग’ म्हणतात. हा शब्द महाराष्ट्रातल्या सामान्य वाचकाच्या कानावर आला तो फार वाईट दिवशी. २२ जानेवारी २०२५. जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ, लखनौहून मुंबईकडे येणाऱ्या पुष्पक एक्स्प्रेसच्या एका डब्यात आग लागल्याची अफवा उठली. कोणीतरी साखळी ओढली. घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. किमान १२ जणांनी जीव गमावला.

६/
रेल्वे अधिकाऱ्यांच्या पहिल्या माहितीत दोन शक्यता होत्या: आस तापणे किंवा ब्रेक बाइंडिंग. नेमके काय घडले यावर नंतर वेगवेगळी निवेदने आली, म्हणून ठपका ठेवण्याची घाई इथे करणार नाही. एवढे मात्र खरे की न सुटलेला ब्रेक तापतो, धूर काढतो, कधी ठिणग्याही टाकतो. आणि गाडीत बसलेल्या माणसाला ब्रेकचा धूर आणि आगीचा धूर यांतला फरक कळण्याचे काही कारण नसते.

७/
आगगाडीचा ब्रेक चिकटतोच का? उत्तर जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या शोधात आहे. १८६९ साली त्यांनी हवेच्या दाबाचा ब्रेक काढला. इंजिनातून नळीत दाब सोडला की ब्रेक लागे. दोष उघड होता: नळी फुटली की ब्रेकही गेला. तीनच वर्षांत त्यांनी कल्पना उलटी केली. नळीत सतत दाब ठेवायचा. दाब उतरला की प्रत्येक डब्याचा ब्रेक आपोआप लागायचा. गाडी मधून तुटली तरी दोन्ही तुकडे थांबणार.

८/
हे उलटेपण किती मोलाचे होते, ते १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे कळले. चढावर अडकलेल्या सहलीच्या गाडीचे मागचे डबे सोडवले गेले. त्यांना आपोआप लागणारा ब्रेक नव्हता. डबे उताराने मागे घसरत गेले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसे गेली, त्यांत बरीच लहान मुले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना सलग व स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला.

९/
या सुरक्षिततेची किंमत अशी की आगगाडीचा ब्रेक ‘लागलेला’ असणे हीच त्याची मूळ स्थिती झाली आणि सोडण्यासाठी दाब पुन्हा भरणे हे काम झाले. कुठे गळती असली, एखादी झडप अडली, ओढलेली साखळी पूर्ववत झाली नाही, तर तो डबा ब्रेक धरूनच ओढला जातो.

मोटारसायकलचे नेमके उलटे. तिचा ब्रेक मुळात सुटलेला असतो. लावण्याचे काम आपला हात-पाय करतो. मग सोडतो कोण? एक स्प्रिंग, एक रबरी कडी, आणि सुईच्या टोकाएवढे एक भोक. या तिघांची हकिकत पुढे येते.

१०/
आधी स्प्रिंगची. १८९७ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाने गाड्यांच्या ब्रेकसाठी घर्षणाचे ठोकळे बनवायला घेतले. उतारावर घोडागाडीवाले लाकडी ब्रेकला जुने बूट ठोकतात हे पाहून त्याला कल्पना सुचली, असे सांगतात. ‘फेरोडो’ हे कंपनीचे नाव त्याच्याच आडनावाची अक्षरे फिरवून आणि पत्नी एलिझाबेथच्या नावातले एक अक्षर जोडून केलेले. पुढे त्याने अस्तरात ॲस्बेस्टॉस आणले: तापमान सोसणारे, स्वस्त आणि, हे कळायला फार उशीर झाला, फुप्फुसाला घातक.

११/
१९०२ हे साल ब्रेकच्या इतिहासात विलक्षण आहे. फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी आतून पसरणाऱ्या पट्ट्यांचा ड्रम ब्रेक आणला आणि त्याच वर्षी बर्मिंगहॅममध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. दोन भाऊ एकाच वर्षी जन्मले म्हणा. पण थोरल्याने पहिली साठ-सत्तर वर्षे राज्य केले आणि धाकटा अडगळीत राहिला. धातूवर धातू घासून तो किंचाळत असे, हे त्याचे एक कारण.

१२/
ड्रमची रचना आजही जवळपास तीच आहे. ढोलाच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू. त्यांचे एक टोक खिळीवर टेकलेले, दुसऱ्या टोकांच्या मध्ये एक चपटा कॅम. पायडल दाबले की रॉड ओढला जातो, कॅम आडवा होतो, शू पसरून ढोलाला लागतात. पाय काढला की दोन छोट्या स्प्रिंगा त्यांना मागे खेचतात.

यातली खोच अशी की फिरता ढोल पुढच्या शूला स्वतःकडे ओढून घेतो. म्हणूनच पायाच्या थोड्या जोरावर गाडी थांबते. पण हेच बळ सुटण्याच्या विरुद्धही काम करते. गंजलेला कॅम अर्धवट आडवा राहिला तर स्प्रिंग बिचारी एकटी पडते.

१३/
आता कडी आणि भोक. पाण्यासारख्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सर्वत्र सारखा पोचतो हे पास्कालने सतराव्या शतकातच सांगितले होते. तो नियम ब्रेकमध्ये आणला माल्कम लॉकहीड यांनी. विमानांच्या कंपनीवाले ॲलन लॉकहीड हे त्यांचेच बंधू. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीला चारही चाकांवर द्रवदाबाचे ब्रेक होते. सुरुवातीच्या चामडी वाट्या गळत असत. १९२४ मध्ये क्रायस्लरच्या अभियंत्यांनी रबरी वाट्या बसवल्यावर ही पद्धत मार्गी लागली.

१४/
रबर आल्यावर मात्र द्रव कोणता वापरायचा हा प्रश्न नाजूक झाला. चुकीचे तेल पडले की रबर फुगते आणि फुगलेले रबर मागे सरकत नाही. ‘तेल ते तेल’ म्हणून ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल ओतणाऱ्याचा ब्रेक म्हणूनच काही दिवसांत धरू लागतो. त्या टाकीवर लिहिलेले डॉट ३ किंवा डॉट ४ हे शब्द शोभेचे नाहीत.

१५/
डिस्कचे दिवस १९५३ ला पालटले. त्या वर्षी ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत जग्वार सी-टाइप मोटारी डिस्क ब्रेक लावून उतरल्या आणि जिंकल्या. दुचाकींत १९६२ च्या लॅम्ब्रेटा टीव्ही १७५ स्कूटरला पुढे डिस्क होती, तीही तारेने चालणारी. खरा प्रसार झाला तो १९६९ च्या होंडा सीबी ७५० पासून, द्रवदाबाच्या डिस्कने.

१६/
या डिस्कच्या कॅलिपरमध्ये पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंगच नसते! पिस्टनभोवती चौकोनी छेदाची रबरी कडी असते. पिस्टन पुढे जाताना ती किंचित वाकते. दाब उतरला की सरळ होते आणि पिस्टनला मिलिमीटरच्या एका अंशाने मागे घेते. तेवढ्या अंतरावर सगळी भिस्त. पिस्टनवर गंजाचा एक ठिपका आला तर ती कडी हरते. (मला वाटते, यंत्रशास्त्रातील सर्वांत विनम्र सेवकांत हिची गणना व्हावी.)

१७/
आणि ते भोक? हँडलवरच्या मास्टर सिलिंडरमध्ये. लिव्हर पूर्ण सुटला की त्या भोकातून तापून फुगलेला द्रव टाकीत परततो. भोक गाळाने बुजले, किंवा लिव्हर पूर्ण मागे येत नसला, तर द्रवाला वाट उरत नाही. ब्रेक घासतो, म्हणून तापतो. तापतो, म्हणून द्रव फुगतो. फुगतो, म्हणून आणखी घट्ट धरतो. ड्रम तापला तर निदान त्याचा व्यास वाढतो आणि पकड थोडी सैल होते. डिस्कला ही सवलत नाही. तिचे चाक चालत्या रस्त्यावर जखडू शकते.

१८/
हे सारे मराठवाड्यात कधी पोचले? लूना १९७२ ची, दुष्काळाच्याच सालची. त्याआधीपासून बुलेट आणि राजदूत होत्या, पण गावात मोजक्या. वळणाचे वर्ष १९८५. त्या वर्षी हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली. त्याच वर्षी बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. आणि त्याच वर्षी औरंगाबादेत बजाजला ॲल्युमिनियमचे ओतीव सुटे भाग पुरवण्यासाठी एक छोटा उद्योग उभा राहिला, जो पुढे एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज झाला आणि डिस्क ब्रेकही बनवू लागला.

१९/
म्हणजे वडीगोद्रीच्या फाट्यावर उभ्या असलेल्या एखाद्या गाडीचा कॅलिपर याच महामार्गाच्या त्या टोकाला ओतला गेलेला असू शकतो. १९९९ ची सीबीझी आणि २००१ ची पल्सर यांनी तरुणांना डिस्कची ओढ लावली. मोटारसायकलींचा मोठा वर्ग मात्र ड्रमवरच राहिला, आणि शेतरस्त्यावर आजही त्याचेच राज्य आहे.

२०/
एप्रिल २०१९ पासून आणखी एक पदर जोडला गेला. १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस, त्याखालच्यांना निदान सीबीएस सक्तीचे झाले. सीबीएसमध्ये मागचे पायडल दाबले की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. ड्रमच्या गाड्यांत हे काम एक जादा केबल करते. जीव वाचवणारी सोय, पण घरी मागचा नट आवळताना या केबलचा विसर पडला तर पुढचे चाक का धरते हे कोडे सुटत नाही.

२१/
आता अंगणात या. गाडी थंड होऊ द्या. नुकत्याच धरलेल्या ड्रमला हात लावाल तर फोड येईल. सपाट जागी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, मागचे चाक हाताने फिरवा. हलकी खरखर चालेल. पाऊण फेरीत चाक अडत असेल तर रॉडच्या टोकाचा नट चार-पाच फेरे सैल करा. चाक मोकळे झाले? मग दोष आवळण्याचा होता. लायनर झिजतात म्हणून आपण नट आवळत जातो आणि एक दिवस ‘कडक ब्रेक’च्या हौसेपायी पायडलची मोकळी चाल उरतच नाही. बहुतेक साध्या गाड्यांच्या पुस्तिकेत ती २० ते ३० मिलिमीटर दिलेली असते. पट्टी घेऊन मोजा, पायाच्या अंदाजावर सोडू नका.

२२/
नट सैल करूनही चाक धरत असेल तर पायडल दाबा, सोडा आणि नीट पाहा. पायडलच खाली राहिले, तर त्याची खीळ गंजली. पायडल वर आले पण ड्रमवरचा आर्म तसाच राहिला, तर कॅम अडकला. आर्म हाताने मागे ढकलून चाक सुटते का पाहा. दोन्ही मागे आले तरी चाक जड, तर स्प्रिंग तुटली असेल, किंवा लायनर शूवरून सुटले असेल, किंवा ब्रेकचा संबंधच नसेल: चेन अति ताठ असते, बेअरिंग गेलेले असते. निदान आधी, पाना नंतर.

२३/
कॅम अडकला असेल तर चाक काढून आतली तबकडी बाहेर घ्यावी लागते. आर्म काढण्याआधी आर्म आणि कॅमची दांडी या दोहोंवर एक सलग खूण करा. दात चुकला तर सारी मेहनत उलटेल. दांडी बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. ग्रीस तापमान सोसणारे, तेही बोटाने पुसल्यासारखे पातळ, फक्त दांडीला, कॅमच्या कडेला आणि खिळीला. लायनरला ग्रीसचा डाग लागला तर आता गाडी थांबणार नाही, आणि तो दोष पहिल्यापेक्षा वाईट.

२४/
दोन गोष्टी कटाक्षाने टाळा.

ड्रममधली भुकटी फुंकू नका, हवेच्या पाइपनेही नाही. फ्रूडच्या काळापासून चालत आलेले ॲस्बेस्टॉस जुन्या लायनरमध्ये असू शकते. त्याचे सर्व प्रकार कर्करोगकारक ठरलेले आहेत. ओल्या फडक्याने पुसा, फडके पिशवीत बांधून टाका.

दुसरे: झिजलेल्या लायनरवर आणखी महिनाभर काढण्यासाठी आर्म एक दात पुढे बसवण्याची युक्ती कोणी सांगेल. तसे केले की कॅम प्रमाणाबाहेर आडवा होतो आणि ऐन ब्रेक दाबल्यावर उलटून चाक जखडू शकतो. आर्मजवळचा झिजेचा बाण खुणेपर्यंत पोचला असेल तर नवे शू आणावेत.

२५/
डिस्क असेल तर नवशिक्याने निदानापाशी थांबणे शहाणपणाचे. कॅलिपरची ब्लीडर निपल, वर पारदर्शक नळी लावून, किंचित सैल करा. डोळ्यांवर चष्मा हवा. हा द्रव रंगही खातो. दाब उतरताच चाक सुटले, तर खोट वर आहे: मास्टर सिलिंडर किंवा होज. तरीही धरलेलेच राहिले, तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना. निपल लगेच आवळा आणि हे निदान घेऊन मिस्त्रीकडे जा. लिव्हर भुसभुशीत लागत असेल तर गाडी चालवत नेऊ नका, ढकलत न्या. द्रवाच्या वाटेत हवा शिरली की तो ब्रेक नाहीच.

२६/
ड्रमवाल्यांचे काम संपले असेल तर रॉडवर नट चढवताना त्याच्याकडे एकदा पाहा. त्याचे एक तोंड सपाट नसते, अर्धगोल खाचेचे असते. ती खाच आर्ममधल्या आडव्या खिळीवर बसते. म्हणूनच नट अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने ‘टक्’ करत फिरतो आणि धक्क्यांनी सैल होत नाही. खाच खिळीवर नीट बसू द्या. मग दोन किलोमीटर सावकाश चालवून या, शक्यतो ब्रेक न लावता, आणि उतरल्यावर हाताची पाठ आधी पुढच्या व मग मागच्या ड्रमजवळ न्या. मागचा पुढच्याहून गरम लागला, तर नट आणखी एक ‘टक्’ सैल करायचा, पायडलची चाल पुन्हा मोजायची आणि पुन्हा फेरी मारायची.